दोन टँकर आणि आमचे मामा

मी लग्न होऊन तलवाड्याकडच्या त्या गावात गेले, ते नेमकं दुष्काळाचं साल. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. ते गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. पुण्यात कसलंसं शिबिर करून आले आणि ग्रामसभेत उभे राहिले.

"सरकारी टँकर बंद करा. येतो कधी, जातो कधी, पत्ता न्हाई. दोन खाजगी टँकरवाले बोलवू. चढाओढ लागली की पाणी आपोआप स्वस्त!"

ठराव पास झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, नवी सून होते.

सुरुवातीला खरंच मजा आली. एकजण भोंग्यावर गाणी लावून यायचा. दुसऱ्याने बैलांच्या पाण्याची हाळ फुकट भरून दिली आणि वर मामांची मोटारसायकलही धुतली. मामा गल्लीतून नवरदेवासारखे फिरायचे.

मग कळलं की दोघे टँकरवाले साडू आहेत. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी. "कशापायी भांडता एकमेकांत?" म्हणून त्या बहिणींनीच दोघांना समोरासमोर बसवलं. मारुतीच्या अलीकडचं गाव एकाचं, पलीकडचं दुसऱ्याचं. गाणी बंद. भाव दोन्हीकडे एकच, आणि रोज चढता.

गावाबाहेरच्या धनगरवस्तीवर तर दोघांपैकी कुणीच जाईना. तिथल्या लोकांना तो भाव झेपण्यासारखा नव्हता. मामा समजूत घालायला गेले, मी सोबत होते.

"आजी, असं हाय, मागणी असंल तिकडंच माल जातो."

वस्तीवरच्या त्या म्हातारीने तोंड उघडून घसा दाखवला. "मागनी लई हाय, चेरमन. ही बगा."

मामा तडक घराकडे निघाले. घरी आले तर सासूबाई न्हाणीच्या दारात उभ्या. घरात एकच घागर शिल्लक होती.

"आजपासून घरात बी चढाओढ. जास्त दील त्याची आंगुळ."

"अगं, मी घरचा मालक!"

"मग बोली लावा."

मामा आंघोळीवाचून सोसायटीत गेले आणि संचालकांची बैठक बोलावली. सोसायटीचा दुधाचा टँकर बीडला दूध घालून रिकामाच परतायचा. तो तिथेच धुवायचा, येताना वाटेतल्या एका विहिरीवर भरायचा आणि माणशी सारखं पाणी वाटायचं, असं ठरलं. सरकारी टँकरसाठी नवा अर्जही केला. तहसीलमधला कारकून हसला म्हणे, पण अर्ज घेतला.

पहिली खेप मामांनी धनगरवस्तीवरच नेली. पाइप त्यांनी स्वतः धरला आणि निम्मं धोतर भिजवून घेतलं. टँकर धुतला होता, तरी पाण्याला जरासा पांढुरका रंग होताच. त्या आजीने ओंजळभर पिऊन पाहिलं.

"चेरमन, तुमच्या सोसायटीत दुधात पानी पडतंय, हे ठावं होतं. पान्यात दूध आजच बगितलं."

सगळी वस्ती हसली. मामाही हसले, पण जरा उशिराने.