वन्संचं मैदान

ये गं, अशी जवळ सरक. आल्यापासून तिकडं दाराशी बसून फोनमध्ये डोकं घातलंयस, मान मोडून जाईल एक दिवस. तुमच्या बंगल्याच्या बाजूला हिरवं प्लॅस्टिकचं गवत अंथरून खेळायचं मैदान केलंय, त्याचे फोटो पाहिले मी, छान आहेत. पण मघाशी बोलता बोलता म्हणालीस, आमच्या आजीला खेळातलं काय कळतंय. हे काही बरं बोलली नाहीस. तुझी आजी म्हणजे माझी धाकटी नणंद. तिच्यासाठीसुद्धा घराच्या बाजूला मैदान केलं होतं, आणि ते मी या हातांनी सारवलं होतं. ऐक आता.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. आमची वस्ती सोनईच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत. मी नवी सून. नणंद शाळेच्या शेवटच्या वर्गात. वयानं लहान, तरी मी वन्सं म्हणायची, अहो-जाहो करायची, तशीच रीत होती. शाळेतल्या बाई मुलींना रिंग शिकवायच्या. मध्ये जाळी, रबराची कडी, ती एका हातानं झेलायची आणि झेलली की लगेच पलीकडं टाकायची. वन्संच्या हातून कडी सुटायचीच नाही. बाईंनी सांगून ठेवलं होतं की दिवाळीच्या सुट्टीआधी नगरच्या सामन्यांसाठी मुली निवडणार, तोवर रोज सराव पाहिजे. आणि शाळा सुटल्यावर सरावाला थांबलं की यष्टी चुकायची. मामंजी म्हणाले, पोरगी दिवेलागणीला रस्त्यानं चालत येणार नाही. विषय संपला.

वन्सं रडल्या नाहीत. कडी नुसती खुंटीला अडकवून ठेवली. मग ह्यांनीच तोडगा काढला, की गोठ्याच्या अंगाला मोकळी जागा पडलीय, तिथंच मैदान करू, घरची पोर घरी खेळेल. मामंजी हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणाले की आम्ही सगळे एकमेकांकडं बघत राहिलो.

आता मैदान कसं करतात हे आमच्यात कुणाला ठाऊक? मामंजींना जमीन सपाट आणि टणक करायची एकच तऱ्हा माहीत होती, ती खळ्याची. मळणीला करतात तसं. त्यांनी जागा तासली, पाणी मारलं, भुसा टाकला, बैल गोल गोल फिरवून माती दाबून घेतली. मग मी आणि सासूबाईंनी शेणानं सारवलं, एकदा उभं, एकदा आडवं. वाळल्यावर असं गुळगुळीत झालं की पाय ठेवायला जीव होईना. ह्यांनी दोन वासे रोवून सुतळीचं जाळं बांधलं. आणि मामंजींनी सवयीनं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. खोबरं वाटलं, सगळ्यांनी खाल्लं. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

मग काय विचारतेस. वन्संना पलीकडं कुणी तरी हवं, ती मी. पदर खोचून उभी राहायची. मला झेलता यायची नाही, कडी सारखी गोठ्यात जायची, बैल दचकायचे. सासूबाई चुलीपुढून म्हणायच्या, "सून कडी झेलतीय, भाकर करपतीय." पण हसून म्हणायच्या. वन्सं मला शिकवायच्या, कडीकडं नको वहिनी, माझ्या मनगटाकडं बघा. ते दिवस फार चांगले गेले.

नंतर वन्संची पाळी आली. शिवाशिवीचं सगळं आम्ही पाळायचोच, त्याचं नवल नव्हतं. बाहेर अंगणात खेळायला तर काय हरकत, असं त्यांना वाटलं. त्या निघाल्या तशा सासूबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, "नारळ फुटलाय तिथं. आता ते खळं हाय. तू पाय टाकू नको." वन्संनी माझ्याकडं बघितलं. माझ्या माहेरीही तेच पाळत होते.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण चुलत सासऱ्यांच्या खळ्याला त्या साली भेगा गेल्या होत्या, आणि बाजरी काढून झाली होती. आमचं नवं खळं सगळ्या वस्तीनं बघितलेलं. एक दिवस सकाळी त्यांची कणसांची गाडी सरळ आमच्या दारात. मामंजींनी स्वतः पुढं होऊन जाळं सोडलं, वासे उपटले, आणि मधोमध बैल बांधायची मेढ रोवली. वन्सं दारात उभ्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बापाला विचारलं असेल. "आबा, हे मैदान माझं हुतं ना?"

मामंजी रागावले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "तुझंच हाय पोरी. पर दारात आलेल्या धान्याला न्हाई कसं म्हनू?"

आता सांग, यात रागवायचं कुणावर? चुलत सासऱ्यांची बाजरी उघड्यावर ठेवायची का? ह्यांना मी स्वयंपाकघरात म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, काय बोलू, आबा चुकीचं कुठं बोलतात. चुलत सासऱ्यांचं झाल्यावर आमची मळणी, मग शेजाऱ्यांची. बैल फिरत राहिले. वन्सं भिंतीवर कडी फेकून एकट्याच झेलायच्या, पण शेणामातीच्या भिंतीवरून ती परत कशी येणार? खाली पडायची.

निवडीच्या दिवशी त्या शाळेतून आल्या, दप्तर ठेवलं आणि सूप घेऊन माझ्याशेजारी बाजरी पाखडायला बसल्या. पाखडता पाखडता त्याच म्हणाल्या, "वहिनी, हातातून सुटली."

पुढच्या साली पाऊसच नाही आला. दाणा झाला नाही, मळणी कसली? खळं वर्षभर तसंच मोकळं पडून राहिलं. जाळं बांधायला कुणी अडवलं नसतं. पण उन्हाळ्यात वन्संचं लग्न झालं होतं, त्या श्रीरामपूरला नांदायला गेल्या होत्या. मी जाता-येता त्या जागेकडं बघायची आणि कामाला लागायची.

ह्यातलं तिनं तुला काही सांगितलं नसणार, ती सांगायची नाही. म्हणून म्हटलं, असं बोलू नये गं. आता यष्टीची वेळ झाली तुझी, जा. पण आजीला घेऊन ये, दिवाळीपर्यंत वाट बघायला लावू नकोस. तिचे गुडघे दुखतात, बसनं आणू नको, तुमच्या गाडीतून आण, आणि दोघी चार दिवस राहायच्या तयारीनं या.