मामींचं मत

माझ्या आईचं माझ्यापेक्षा माझ्या नवऱ्याशी जास्त जमतं, हे मला एका व्हिडिओ गेममुळे कळलं. जावई लाडका असावा, याला माझी ना नाही. पण लेकीने आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते जावयाच्या ताटात आयतं पडावं, आणि त्याला त्याची किंमतही कळू नये, हे बघून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आई आमच्याकडे राहायला आली ती गुडघ्यामुळे. लेकीच्या घरी फार थांबू नये, असं मानणाऱ्यातली ती. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सकाळी येणार, पिशवीतून भाजीपाला आणि खरवस काढून ओट्यावर ठेवणार आणि संध्याकाळच्या एस्टीने परत. पण गुडघा बदलला तो आमच्या राजारामपुरीतल्याच दवाखान्यात, गावाकडच्या घरी पायऱ्याच पायऱ्या, आणि डॉक्टरांनी सक्त ताकीद दिलेली. भाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं." मी वरवर "बरं" म्हटलं. आतून मला किती आनंद झाला ते कुणाला सांगायची सोय नव्हती. आई मला मिळणार होती. एकटीला.

याचं कारण सांगायला हवं. कागलच्या पुढे आमचं गाव. तिथे शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिकायला मला जयसिंगपूरला मामाकडे ठेवलं. आई स्वतः सोडायला आली होती. परत जाताना स्टँडवर तिने माझा हात मामाच्या हातात दिला आणि पिशवी उचलून एस्टीकडे चालू लागली. पाठ ताठ, पदर खोचलेला. मी हाका मारत होते. ती एकदाही वळली नाही. एस्टीत चढली, गाडी रिकामीच होती, पण एकाही खिडकीत ती दिसली नाही. हात केला नाही. गाडी हलली तेव्हा मी मामाचा हात सोडवून पळाले, चपलेचा अंगठा तुटला, आणि तोवर गाडी फाटकाबाहेर गेलेली. पुढे भावाची पाळी आली तेव्हा त्याला सायकल घेऊन दिली. तो रोज घरी जेवला, रोज आईच्या हातचं. मी सुट्टीपुरती पाहुणी. त्या भावावर मी इतकी वर्षं जळले की दुसऱ्या कुणावर जळायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

तर आई आली. आणि मी दिवसभर घरी नाही. कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते, बॅचेस संपवून यायला रात्रीचे आठ होतात. नवरा पंचतारांकित एमआयडीसीतल्या फाउंड्रीत. पहिली पाळी असली की चारला घरात. म्हणजे दुपारपासून दिवेलागणीपर्यंत सासू आणि जावई, दोघंच. पहिले काही दिवस ती आतल्या खोलीत डोक्यावर पदर घेऊन, हा हॉलमध्ये आवाज बारीक करून गेम खेळतोय, असं चाललं होतं.

मग एकदा मी जिना चढत होते तर आमच्या घरातून आईचा आवाज आला. "आवं पावणं, तिकडं कशाला निघालाय? त्यो पिवळ्या टोपीचा म्हातारा लबाड हाय!"

दार उघडून बघते तर आई हॉलमध्ये खुर्चीवर, पदर खांद्यावर घसरलेला. नवरा खाली सतरंजीवर, हातात कंट्रोलर. टीव्हीवर सगळीकडे बर्फ, आणि त्यात पाठीवर टपालाची थैली घेतलेली एक बाई चाललेली. तिच्यामागे एक लहान मुलगी. मी आलेली दोघांच्या गावीही नव्हतं.

गेम गोष्टीचा होता. गोळ्या घालायच्या कमी, चालायचं आणि बोलायचं जास्त. देश उद्ध्वस्त झालाय, माणसं विखुरलीत, आणि ही बाई गावोगाव टपाल पोचवते. वाटेत तिला ही मुलगी सापडते. बोलणं सगळं इंग्रजी. नवरा आईला थोडं सांगायचा, उरलेलं ती स्वतःच ठरवायची. आणि तिने ठरवलेलं बहुतेक वेळा बरोबर निघायचं. पिवळ्या टोपीच्या म्हाताऱ्याने पुढे खरोखरच दगा दिला. नवरा आईला मामी म्हणतो, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. त्या दिवशी तो मला दारातच म्हणाला, "मामींनी ओळखलं होतं!" जणू त्यानेच त्यांना जन्म दिला होता.

मग त्याला नाद लागला. गेम खेळणाऱ्या मराठी मुलांचा एक ग्रुप होता. तिथे तो रोज एक पोस्ट टाकू लागला, 'मामींचं मत' या नावाने. बर्फात उघड्या डोक्याने फिरणारी बाई मामींना पटत नाही. चूल पेटवल्याशिवाय झोपणारी तर मुळीच नाही. घोड्याला पाणी न दाखवता पुढे हाकलणाऱ्या खेळाडूंना मामी विचारतात, "तुमास्नी कोण पाणी देतंय बगा की आता." मुलं खुळी झाली. ग्राफिक्स कसे आहेत, कंट्रोल कसे आहेत, गोष्ट कुठे रेंगाळते, असल्या चर्चा करणारे लोक 'मामींना विचारा की' म्हणू लागले.

मला कुणी विचारत नव्हतं. मी रात्री आईशेजारी बसून म्हणायचे, "आई, गुडघा वाकव, डॉक्टरांनी सांगितलंय." ती म्हणायची, "दुकतंय. ऱ्हाऊ दे." नवऱ्याने मात्र सौदा ठरवला होता. आधी गुडघा वाकवायचा, मग पुढचा भाग. आणि ती वाकवायची! घामाघूम व्हायची, दात खायची, पण वाकवायची. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "छान प्रगती आहे. घरी कोण करून घेतं?" आई म्हणाली, "पावणं." मी तिथेच उभी होते, तिचा वॉकर धरून.

एका रविवारी मी मुद्दाम हॉलमध्ये बसले. म्हटलं, बघू तरी काय एवढं आहे. नेमका तो भाग लागला. हिवाळा वाढलाय, मुलीला खोकला झालाय, आणि ती बाई मुलीला एका शेतकरी कुटुंबाकडे ठेवून पुढे निघते. गेम तुमच्याकडून काही करून घेत नाही, फक्त चालायला लावतो. बटण पुढे ढकलून धरायचं. मुलगी मागून हाका मारत राहते. वाटलं तर मागे वळून बघता येतं.

नवऱ्याने वळून बघायला सुरुवात केली आणि आई कडाडली. "मागं बगू नगासा! म्होरं चला!"

"का हो मामी?"

"बगितलं की पाय उचलत न्हाय. ह्या कार्टीला जयसिंगपुरात सोडून आले तवा मी एकदा बी मागं बगितलं न्हाय." आणि तिने अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं. माझ्याकडे न बघता.

नवऱ्याने गेम थांबवला. "व्हय मामी? मग?"

"मग काय? आले घरला. म्हशीची धार काढायची हुती."

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. भांडी जरा जोरात घासली. मला त्या क्षणी आईचा राग आला नव्हता. राग आला होता तो त्या सतरंजीवर बसलेल्या माणसाचा. जो प्रश्न मी एवढ्या वर्षांत विचारू शकले नाही, त्याचं उत्तर त्याला आयतं मिळालं. तेसुद्धा बर्फात कसं चालावं याचा सल्ला म्हणून. लेकी बोले सुने लागे अशी म्हण आहे. आमच्या घरात जावयाला बोलून लेकीला लावायची रीत पडली होती.

संध्याकाळी त्याने ते मत ग्रुपवर टाकलं. माझं नाव-गाव नाही, पण 'मामी म्हणतात, मागे बघितलं की पाय उचलत नाही' एवढं. मोठीच चर्चा पेटली. काही म्हणाले मामी ग्रेट. काही म्हणाले आम्ही वळून बघितलं आणि रडलो. एका शहाण्याने लिहिलं की बघा नाहीतर नका बघू, गोष्टीत काडीचाही फरक पडत नाही, दोन्हीकडून पुढचा भाग तोच लागतो, ही खेळाडूची फसवणूक आहे.

काडीचाही फरक पडत नाही! सोमवारी दोन बॅचेसच्या मधल्या वेळात, स्टाफरूममध्ये डबा उघडा टाकून, मी त्या ग्रुपवर एक खोटं नाव घेतलं आणि आयुष्यातलं पहिलं गेमवरचं मत लिहिलं.

'तुम्ही सगळे चालणाऱ्या बाईकडून खेळताय. मागे उभ्या राहिलेल्या पोरीच्या हातात कुणी कंट्रोलर दिलाय का? तिला गोष्ट पुढे काय होते ते माहीत नाही. तिला फक्त पाठ दिसते. मामींना विचारा, एकदा वळून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?'

दुसऱ्या दिवशी मला डोकेदुखीचं निमित्त सापडलं आणि मी शेवटची बॅच सोडून लवकर घरी आले. दोघांची चहाची वेळ होती. नवरा रोज या वेळी लोकांची मतं वाचून दाखवायचा आणि आई एकेकाचा निकाल लावायची. मी आधण ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत राहिले. वळून बघितलं आणि रडलो म्हणणाऱ्याला ती म्हणाली, "कवळा हाय." फसवणूक म्हणणाऱ्याला म्हणाली, "ह्येला प्वार न्हाय अजून."

मग त्याने माझं वाचलं. सगळं, एका दमात.

आईच्या निकालाला इतका वेळ कधी लागत नाही. तिने पदराने तोंड पुसलं, टीव्हीकडे बघितलं. टीव्ही बंद होता.

"ह्ये पोरीनं लिवलंय," ती म्हणाली. "तिला सांगा पावणं. चालताना मागं बगायचंच न्हाय. गाडीत बसल्यावर बगायचं. म्होरची शिटं रिकामी असली तरी पार मागं जाऊन बसायचं, मागच्या काचंपाशी. तिथनं दिसतंय."

"काय दिसतंय?"

"एक चप्पल पायात, एक हातात. लंगडत आली हुती कार्टी, फाटकापातूर. काच धुळीची हुती, पुसली मी पदरानं. तरी बाहेरनं कुटली दिसतीया मी तिला."

आणि मग तिने मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं. "कळलं का?"

"कळलं की मामी," नवरा म्हणाला. तो टाइप करत होता.

मी मान हलवली. आधण उतू गेलं तशी ती म्हणाली, "च्या आण आधी." मी चहा आणला, तिच्या पायाशी बसले आणि गुडघ्यावर हात ठेवला. तिने तो न सांगता वाकवला. "दुकतंय," म्हणाली, पण हात काढ म्हणाली नाही.

चप्पल कुणाची हे नवऱ्याला तिथल्या तिथे कळलं. रात्री जेवताना त्याने मला गुपचूप जास्तीचा पापड वाढला. ते मत कुणाचं होतं, हे मात्र त्याला अजून माहीत नाही.

आईचं उत्तर त्याने ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. लोकांनी त्यावर लाल बदाम आणि मतं टाकली, इतकी की सकाळी वाचताना खाली खाली जावं लागत होतं. कुणी लिहिलं, मामींनी रडवलं. कुणी लिहिलं, आता मी गावाकडून परत येताना एस्टीत मागेच बसणार. ज्याला गोष्टीत फरक पडत नाही वाटत होतं, त्यानेही हात जोडले. नवरा खुशीत होता, एकेक मत मला वाचून दाखवत होता, आणि मी डबा भरता भरता त्या प्रत्येक माणसावर जळत होते. ज्या उत्तरासाठी मी एवढी वर्षं थांबले ते त्यांनी चहा पिता पिता वाचलं आणि आपापसांत वाटून घेतलं. चप्पल माझी होती.