एकशे सेहेचाळीस नंबरचं पुस्तक

टाचणी सातवीत होती, पण दिसायला पाचवीतली. काडीसारखे हात, कोपरं बाहेर आलेली, गणवेश दोन वर्षं पुढचा घेतलेला. हे नाव तिला वर्गाने ठेवलं होतं आणि तिला ते मनापासून आवडायचं. उगाच बोट लावायला कुणी गेलं की टोचलीच म्हणून समजा. एकदा सहलीच्या बसमध्ये आठवीच्या मुलाने तिची खिडकीची जागा घेतली, तर ही बया सगळी वाट त्याच्या पायावर उभी राहिली. उतरताना "थँक्यू" म्हणाली वर!

वर्गात पोरगी हुशार, बसायची दुसऱ्या बाकावर. तिची मैत्रीण मात्र अगदी शेवटच्या. तिचं नाव घोगरी. आवाज घोगरा म्हणून घोगरी, यात काही काव्य नाही. ती एकदा नापास झालेली, म्हणून वर्षाने मोठी, वाचताना अक्षराअक्षराला अडखळणारी. तिला वर्गात कुणी उभं करायचं नाही, कारण एक ओळ वाचायला तास संपायचा. पण मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागच्या पायरीवर तीच घोगरी बोलायला लागली की टाचणी डबा उघडायची विसरायची.

बोलायची काय, तर पुस्तकं. न वाचलेली!

ते असं. शाळेत एक पुस्तकांचं कपाट होतं, जिन्याखाली. काचेचं, लोखंडी, त्याला हे एवढं कुलूप. किल्ली चित्रकलेच्या सरांकडे, त्यांच्या पट्ट्याला कायम लटकलेली. पुस्तकं फाटतात, म्हणून सर ती कुणाला द्यायचे नाहीत. त्यात आणखी कहर म्हणजे, पुस्तकांना नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम ज्या कुणी केलं त्याने त्या थेट नावांवरच चिकटवल्या. म्हणजे काचेतून पाहावं तर नुसते आकडे! निळं जाड एकशे सेहेचाळीस, तांबडं बारीक त्र्याऐंशी, पिवळ्या पाठीचं दोनशे दोन. आता पोरांनी काय करायचं? या दोघींनी केलं ते असं, की टाचणी रोज एक नंबर निवडायची आणि घोगरी त्यात काय आहे ते सांगायची.

एकशे सेहेचाळीस सगळ्यांत लांबलं. तीन आठवडे चाललं. भर समुद्रात खडकावर दीपगृह, तिथे राहणारा दिवेवाला आणि त्याची मुलगी. बाप आजारी पडतो, मुलगी रोज दोनशे पायऱ्या चढून दिवा लावते. मग किनाऱ्यावरून साहेबाचा हुकूम येतो की तेल वाचवा, दिवा बंद करा, या वाटेने हल्ली जहाजं येत नाहीत. पुढे घोगरी आजारी पडली, आठवडाभर आली नाही, आणि शेवट राहिला तो राहिलाच. आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला.

"परीक्षा झाली की मी आत्याच्या शिवणाच्या दुकानात जाणार," ती म्हणाली. "आईने विचारलं, शाळेत तुझं आहे तरी काय? मला काही सांगताच आलं नाही गं."

टाचणीने उघडलेला डबा तसाच बंद केला. ती दिवसभर सगळ्यांवर चिडचिड करत राहिली.

त्याच आठवड्यात शाळेच्या वार्षिक अंकाचं काम निघालं. अंकात 'मुलांचे विचार' असं एक सदर असायचं. विचार मुलांचे, पण ते वर्गबाई फळ्यावर लिहून द्यायच्या! 'मला माझी शाळा फार आवडते. माझा आवडता विषय अमुक आहे, कारण त्यातून ज्ञान मिळते. पुस्तके आपले गुरू आहेत. माझी मैत्रीण अभ्यासू व आज्ञाधारक आहे.' मुलांनी मोकळ्या जागा भरायच्या. चाळीस पोरांनी माना खाली घालून उतरवलं. एकाने तर 'अमुक' हाच आवडता विषय लिहिला.

टाचणीने फळ्यावरचं उतरवलंच नाही. तिने लिहिलं: 'शाळेतली मला पाण्याच्या टाकीमागची पायरी आवडते. आवडता विषय भूगोल, पण पुस्तकातला नाही, नकाशातला. नकाशा कुणाला नापास करत नाही. माझी मैत्रीण शेवटच्या बाकावर बसते. ती आज्ञाधारक नाही आणि मीही नाही. माझं आवडतं पुस्तक एकशे सेहेचाळीस नंबरचं.' आणि पुढे चार पानं दीपगृहाची सगळी गोष्ट. शेवट नव्हता, तो तिने आपल्या मनाने जोडला.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मोठ्या बाईंच्या खोलीत. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. आवाज कधी चढवायच्या नाहीत, म्हणून पोरं त्यांना जास्त घाबरायची. टेबलाशी चित्रकलेचे सर उभे, पट्ट्याची किल्ली मुठीत धरून.

"हे पुस्तक तू वाचलंस कुठे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"वाचलं नाही, ऐकलं."

"कुणाकडून?"

घोगरीचं नाव घेतलं तर तिचीच मानगूट धरतील, हे टाचणीला पक्कं ठाऊक होतं. नापास मुलीवर कुणीही काहीही ढकलावं, असा त्या शाळेचा रिवाजच होता.

"हिचे वडील किल्ल्या बनवतात," सर हळूच म्हणाले. "बाजारात टपरी आहे त्यांची."

बस्स! एवढं पुरलं. टाचणीची कानशिलं तापली. म्हणजे बापाने चोरकिल्ली केली आणि पोरीने कपाट उघडलं, असं गणित जुळवून मंडळी मोकळी झाली होती.

"कपाट उघडलं असशील तर तसं लिहून दे," मोठ्या बाई म्हणाल्या. "नसशील, तर ही गोष्ट खोटी आहे, मी खोटं लिहिलं, असं लिहून दे. दोन्हीपैकी एकावर सही. नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. उद्या वडिलांना घेऊन ये."

टाकीमागच्या पायरीवर हे सगळं ऐकून घोगरीने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाली, "खोटीच आहे की. कर सही. तुझं वर्ष कशाला घालवतेस माझ्यापायी?"

"खोटी नाहीये."

"मीच रचली ना? मग खोटीच. आईला सांगेन, शाळेत माझं काहीच नव्हतं. जे होतं ते पण खोटं निघालं."

टाचणीने तिचा हात असा काही धरला की घोगरी "आई गं" म्हणून ओरडली. "मी सही केली ना, तर माझं नाव बदलून टाक," टाचणी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही तिला राग येत होता.

बाबा दुसऱ्या दिवशी टपरी बंद ठेवून आले. कमी बोलणारा माणूस. बोटं काळी, नखांत कानशीचा भुगा. मोठ्या बाईंचं सगळं त्यांनी उभ्याने ऐकलं, मग पोरीकडे वळले.

"उघडलंस?"

"नाही, बाबा."

"बरं." ते मोठ्या बाईंना म्हणाले, "बाई, कुलूप बघू का जरा? माझं कामच आहे ते."

सगळी वरात जिन्याखाली. बाबांनी चष्मा लावला, कुलूप तळहातावर घेतलं, किल्लीच्या भोकात फुंकर मारली, काडी घातली. काडीला सुकलेली माती लागली.

"कुंभारमाशीने घर केलंय आत," ते म्हणाले. "आणि तेही जुनं. माश्या उडून गेल्यात केव्हाच. याच्यात तीन-चार वर्षं तरी किल्ली गेलेली नाही. माझीही नाही आणि सरांचीही नाही. सर, तुमची घालून बघा ना."

सरांनी घातली. जाईचना. सर घामाघूम.

आता खरं तर इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण मोठ्या बाई हुशार. त्यांच्या कपाळावर आठी चढली. "सर, पुस्तकं दिल्या-घेतल्याची वही आणा," त्या म्हणाल्या. आली वही! दर महिन्याला चाळीस-चाळीस मुलांची नावं, तारखा, नंबर, खाली सरांची झोकदार सही. टाचणीने एकट्या गेल्या महिन्यात अकरा पुस्तकं वाचली होती म्हणे. घोगरीने नऊ!

"मग ही काय काचेतून दिलीत?" टाचणी म्हणाली. बाबांनी तिला कोपर मारलं, पण हळूच.

बाबांनी तेल सोडलं, माती काढली, दहा मिनिटांत कुलूप खटकन उघडलं. मोठ्या बाईंनी स्वतः एकशे सेहेचाळीस नंबर काढला, पहिलं पान उलटलं आणि नाव वाचलं. कोंबड्यांचे आजार आणि त्यांवर उपाय. चित्रांसहित.

"यात दीपगृह कुठेच नाही," त्या म्हणाल्या.

"हो, चुकीचंच छापलंय त्यांनी," टाचणी म्हणाली.

सरांना वर्गावर पिटाळून मोठ्या बाईंनी बापलेकीला पुन्हा खोलीत नेलं. खुर्च्या दिल्या. आवाज एकदम साखरेत घोळलेला. "हे बघ बाळ, झालं ते झालं. वहीचं बाहेर बोलायचं कारण नाही, ते मी बघते. माफीबिफी काही नको. उलट तुझी गोष्ट आपण अंकात पहिल्या पानावर घेऊ. तुझं नाव, तुझा फोटो. खूश?"

पहिलं पान! खोटं कशाला बोला, एक क्षण टाचणीला तो फोटो दिसलासुद्धा.

"गोष्ट माझी नाही. घोगरीची आहे," ती म्हणाली. आता सांगायला हरकत नव्हती. "तिचं नाव घाला."

"तिचं?" मोठ्या बाई हसल्या. "अगं, तिला धड वाचता येत नाही. आणि अंकात पन्नास टक्क्यांच्या खालच्या मुलांचं आपण घेत नाही. पहिल्यापासूनचा नियम आहे."

"मग नका छापू."

"विचार कर. पुन्हा संधी येणार नाही."

टाचणीने टेबलावरचे आपले चार कागद उचलले. विचारलंसुद्धा नाही. "बाई, तुमच्या अंकात चाळीस मुलांनी एकच गोष्ट लिहिलीय," ती म्हणाली. "ती छापा. ती सगळी मुलं पन्नासच्या वरची आहेत."

मोठ्या बाईंनी बाबांकडे पाहिलं, की हा तरी पोरीला दटावेल. बाबा उठले, चष्मा खिशात ठेवला. "चावी ज्याने घासली त्याच्याच हातची म्हणायची, बाई," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या कामावर आमच्या घरात कुणी नाव टाकत नाही." आणि निघाले. दारात पोरीच्या डोक्यावर टपली मारली. ती लागली जोरात, पण टाचणीला कळलं की शाबासकी आहे.

वर्गात इतिहासाचा तास चालू होता. वर्गबाईंनी "बस" म्हटलं, तर टाचणी आपला दुसरा बाक ओलांडून सरळ मागे गेली आणि घोगरीच्या शेजारी बसली. चाळीस माना वळल्या.

"काय झालं?" घोगरीने घाबरून विचारलं.

"छापतो म्हणाल्या. माझ्या नावाने. घेऊन आले परत."

"वेडी का खुळी तू?" घोगरीचा आवाज आणखीच बसला. "छापलं असतं ना गं! पहिल्यांदा काहीतरी..." मग तिने कागद ओढून घेतले आणि वाचायला लागली. बोट ठेवून, ओठ हलवत. टाचणी सांगायला गेली, तर तिने हात झटकला. एक पान, दुसरं पान. घंटा झाली, भूगोलाचे सर आले, गेले, पुन्हा वर्गबाई आल्या, घोगरीचं चालूच. चौथ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"हे काय लिहिलंस? ती साहेबासमोर रडते? पाया पडते?"

"तू शेवट सांगितलाच नव्हतास. मग मी जोडला."

"रडत नाही ती!" घोगरी इतक्या मोठ्याने म्हणाली की फळ्यावरचा खडू थांबला. "साहेबालाच दोनशे पायऱ्या चढायला लावते! वर नेते आणि म्हणते, आता तूच विझव."

तिने टाचणीच्या हातातली पेन्सिल हिसकली, ती शेवटची आठ ओळींची रडारड आडवी-उभी खोडून काढली आणि कागदाच्या कडेला लिहायला सुरुवात केली. अक्षरं वेडीवाकडी, एक केवढं मोठं तर एक मुंगीएवढं, वेलांट्या भलतीकडे. पण लिहीत होती. त्या शाळेत तिने स्वतःहून लिहिलेली ती पहिली ओळ.

"शेवटचा बाक! काय चाललंय?" वर्गबाई ओरडल्या. "पेन्सिल खाली ठेव. उभी राहा."

घोगरी उभी राहिली. पेन्सिल मात्र तिने खाली ठेवली नाही. उभ्यानेच वाकून तिने आणखी एक शब्द लिहिला, मग आणखी एक.

"थांबा बाई," ती मान वर न करता म्हणाली, "माझं संपलेलं नाही अजून."