जमिनीला न लागलेला चेंडू

आमच्या कॉलेजात बाकी सगळ्या मॅडम होत्या, या एकट्याच बाई. "मॅडम अशी पूर्ण हाक मारेपर्यंत चेंडू पुढे निघून जातो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. सत्तरच्या दशकात नाशिकला मुलींना बास्केटबॉल शिकवायला त्या आल्या, तेव्हा माझी खेळातली मजल लंगडीपर्यंतच होती. सुती पातळ, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोऱ्यातली शिट्टी. निऱ्या सांभाळत ही बाई काय खेळणार, असं मनात म्हणत मी उभी होते. त्यांनी मैदानाच्या मध्यावरून चेंडू फेकला आणि तो कशालाही न शिवता रिंगमधून खाली आला. मी आ वासून बघत राहिले, आणि खरं सांगायचं तर तो आ अजून पुरता मिटलेला नाही.

कॉलेजात सिमेंटचं कोर्ट होतं, पण ते मुलांचं. आम्हाला कॅन्टीनमागची मुरमाची जागा मिळाली. तिथे चेंडू एकीकडे टाकावा आणि त्याने भलतीकडेच पळावं. दुसऱ्या कुणी अर्ज-विनंत्या केल्या असत्या. बाईंनी आम्हालाच विचारलं, "तुमच्या घरी अंगण कोण करतं?" गावाकडून आलेल्या सगळ्या मुलींनी हात वर केले. मग काय, पाणी मारलं, माती पसरली, चोपण्यांनी धपाधप चोपली आणि वर शेणाने सारवलं. माझे वडील कचेरीत कारकून, आम्ही फरशीच्या घरात राहणारे. मी शेणाच्या पाटीपाशी नाक मुरडून उभी राहिले. आमच्यातली सगळ्यात उंच मुलगी नामपूरची, वडिलांचा कांद्याचा मळा. ती म्हणाली, "शेणले काय घाबरस वं?" आणि माझा हात धरून तिने तो सरळ पाटीत बुडवला. बाई शेजारीच निऱ्या वर खोचून सारवत होत्या, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार!

असं ते आमचं कोर्ट. गुळगुळीत झालं, पण मऊच. चेंडू आपटला की जेमतेम गुडघ्यापर्यंत यायचा, अंगातला सगळा जोर लावून आपटला तर कमरेपर्यंत. आमचे हात त्यालाच सरावले. बाई रोज सकाळी उजाडताना हजर असत, आणि आम्ही खेळतही बरं होतो. फक्त जिंकत नव्हतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जायचं, तिथल्या मातीच्याच मैदानावर पहिल्याच मॅचला हरायचं आणि परतीची एसटी पकडायची, हे सलग दोन वर्षं झालं.

तिसऱ्या वर्षी प्राचार्यांनी बाईंना आमच्यासमोरच सांगितलं, "या वेळीही पहिल्या मॅचला हरलात तर टीम बंद. त्या जागेवर सायकल स्टँड करू." बाईंची नोकरी हंगामी होती. टीम गेली की बाईही जाणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. बाईंनी एवढंच मागितलं की, जायच्या आधी मुलांच्या कोर्टावर एक तास सराव करू द्या. मुलांचं वेळापत्रक बिघडेल, असं उत्तर आलं. "तिकडे जमीन कडक असेल, चेंडू उंच येईल, लक्षात ठेवा," बाईंनी आम्हाला बजावलं. आम्ही माना डोलावल्या. पोहणं असं ऐकून आलं असतं तर गोदावरीत कुणी बुडालंच नसतं.

या वेळी स्पर्धा पुण्याला होती, सिमेंटच्या कोर्टावर. संगमनेरच्या पुढे एसटीचा टायर फुटला आणि आम्ही पोचलो ते थेट कोर्टावरच, हात-पाय धुवायलाही वेळ नाही. शिट्टी झाली, चेंडू माझ्याकडे आला, मी सवयीने सगळा जोर लावून आपटला आणि तो सटकन माझ्या हनुवटीवर येऊन आदळला. पुण्याच्या मुली हसल्या, प्रेक्षकही हसले. नामपूरच्या मुलीने आपटला, तो तिच्या डोक्यावरून गेला. हळू आपटायला जावं तर हात ऐकेनात, इतक्या वर्षांची सवय. समोरच्या मुली आमचा उडालेला चेंडू झाडावरचा पेरू तोडावा तसा अलगद काढून नेत होत्या. मध्यंतरापर्यंत आमची पार धूळधाण झाली.

आम्ही बाईंभोवती गोळा झालो. दोघी-तिघी रडत होत्या. नामपूरची मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, हाऊ चेंडू भलताच उडस!" मला वाटलं, आता बाई चिडणार. त्यांनी तिलाच विचारलं, "तुमच्याकडे ट्रकमध्ये कांदे कसे भरतात?"

"टोपल्या देतात. हातोहात."

"मध्ये टोपली खाली ठेवतात?"

"नाही बाई. खाली ठेवली तं वडील वरडतीन."

"मग चेंडू कशाला खाली ठेवता?" बाई म्हणाल्या. "जमिनीला लावायचाच नाही. आला की दिला. जिने दिला, तिने मोकळ्या जागेत पळायचं. जा."

बस, एवढंच. ज्या गोष्टीने आमची फजिती होत होती, ती गोष्टच त्या बाईने खेळातून काढून टाकली. दुसऱ्या डावात आम्ही एकदाही चेंडू आपटला नाही. माझ्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून तिसरीकडे, आणि शेवटी नामपूरच्या मुलीच्या उंच हातांत. पुण्याच्या मुली आपटलेला चेंडू हिसकावायला वाकून उभ्या, आणि चेंडू त्यांच्या डोक्यांवरून चाललेला. त्यांना काय करावं ते सुचेना. मघाशी हसणारे प्रेक्षक आधी गप्प झाले आणि मग चक्क आमच्यासाठी ओरडायला लागले. अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी खेळत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई कोण आहे तरी कोण!

तरीही आम्ही हरलो. फरक थोडाच उरला होता, पण वेळ संपली. परतीच्या एसटीत आम्ही मुसमुसत होतो आणि बाई मात्र खिडकीला डोकं टेकून खुशाल झोपल्या होत्या.

संध्याकाळी कॉलेजात पोचलो तर प्राचार्य व्हरांड्यातच उभे. "काय झालं?" त्यांनी विचारलं. टायरचं सांगता आलं असतं, सिमेंटचं आणि नाकारलेल्या त्या एका तासाचंही सांगता आलं असतं. माझ्या तर अगदी ओठांवर आलं होतं.

"हरलो, सर," बाई म्हणाल्या. मान ताठ, आवाज रोजचाच.

"मग आता?"

"आता मुली घरी जातील, दमल्यात. उद्या सहाला प्रॅक्टिस."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "सहाला अंधार असतो हल्ली."

"साडेसहाला," बाई म्हणाल्या.

सायकल स्टँड पुढे लायब्ररीच्या मागे झाला. बाई कायम झाल्या आणि ऐंशीचं दशक सरत येईपर्यंत त्याच मैदानावर मुली घडवत राहिल्या. त्यातल्या कुणी सुरगाण्यात, कुणी देवळ्यात आता स्वतः शिट्टी वाजवतात. बाईंच्या टीमने नंतर ढाली आणल्या, पेपरात फोटो आले. लोक त्यांना त्यासाठी ओळखतात. मला मात्र तो व्हरांडाच आठवतो. आमच्या घरांमध्ये बायका साधं दूध उतू गेलं तरी दहा कारणं सांगायच्या. हरलो हा शब्द इतका सरळ, कसलीही सारवासारव न करता उच्चारणारी बाई मी तोवर पाहिलीच नव्हती.

त्या संध्याकाळी घरी गेले तर वडील ओसरीवर पेपर वाचत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "काय, जिंकलात का?"

"नाही. हरलो," मी म्हणाले.

त्यांनी पेपर खाली केला आणि पुढचं काहीतरी ऐकायला थांबले. "मग झालं का आता ते खेळणं?" त्यांनी विचारलं.

"उद्या साडेसहाला प्रॅक्टिस आहे," मी म्हणाले आणि जेवायला आत गेले.