एकाच डिस्कवरच्या दोन प्रती

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर भरतकामाचं मशीन चालतं. ते चालवणाऱ्याला सगळे दोरा म्हणतात, कारण तो तसाच आहे, लांब आणि बारीक. पन्नाशी उलटली तरी नाव चिकटलेलंच. मला लिहिण्याचा सराव नाही, नीट जमेल की नाही ठाऊक नाही. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "लिहा काका. फक्त चांगलं काही लिहू नका."

मशीन दोऱ्याचं, पण नमुने त्याच्या ताईचे. ताई पेन्सिलीनं वेल काढायची, मग कॉम्प्युटरवर बसून एकेक टाका कुठून कुठे जायचा ते ठरवायची. कागद तिनं कधी जपले नाहीत. "मशीनला कागद कळत नाही," म्हणायची. तिची सारी उमेदीची वर्षं फ्लॉप्यांमध्ये होती. जुनं मशीन फ्लॉपीशिवाय दुसरं काही तोंडात घ्यायचंच नाही.

पुढे फ्लॉप्यांना बुरशी धरली. पेनड्राइव्हवर चालणारं नवं मशीन आलं, तेव्हा दोऱ्यानं सगळे नमुने बाहेरून जोडायच्या एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतले. ताईची नजर तोवर अधू व्हायला लागली होती. तिनं बजावलं, "दोन प्रती कर रे." त्यानं केल्या. त्याच डिस्कवर आणखी एक फोल्डर उघडून त्याला 'दुसरी प्रत' असं नाव दिलं आणि फ्लॉप्या भंगारात टाकल्या. पेनड्राइव्हवर लागेल तेवढाच नमुना घ्यायचा, काम झालं की पुसायचा.

मग एका दुपारी चालू मशीनचा धागा तुटला. दोरा धावला, पायात वायर अडकली आणि डिस्क टेबलावरून फरशीवर आदळली. पुन्हा लावली तर आतून नुसतीच टकटक.

दुरुस्तीवाल्यानं ती उघडून पाहिली. "आतली तबकडी खरवडली गेलीय, साहेब. दुसरी प्रत असेल ना?"

"आहे."

"कुठे?"

दोऱ्यानं त्या डिस्ककडेच बोट दाखवलं. दुरुस्तीवाला आधी फिसकन हसला, मग त्याचं तोंड बघून डिस्कचे स्क्रू परत आवळायला लागला.

हे दोऱ्यानं मला सांगितलं, कारण मी कुणाला सांगणार नाही याची त्याला खात्री होती. "तुम्ही बोलताच कुठे, काका!" ताईला मात्र सांगायची हिंमत होईना. तिला नातीच्या फ्रॉकसाठी नेच्याची वेल हवी होती. रोज थर्मास घेऊन यायची आणि विचारायची, "काढलीस का माझी वेल?" याची कारणं तयारच: कधी पेनड्राइव्ह कुणीतरी नेलेला असायचा, कधी कॉम्प्युटर रुसलेला. ती गेली की हा चहा मोरीत ओतून टाकायचा. मुळात दोरा, आता तर सुईत ओवता येईल असा झाला.

माझ्याकडे एक उशीचा अभ्रा होता, बायकोनं कधीतरी करून घेतलेला. त्यावर तीच वेल. मी तो धुऊन खाली नेऊन दिला. दोऱ्याचे डोळे भरून आले. भिंग लावून, टाके मोजत त्यानं ती वेल कॉम्प्युटरवर पुन्हा बसवली आणि एका तुकड्यावर काढून पाहिली. मला तर फरक दिसला नाही.

त्या दिवशी ताई आली, तेव्हा मी तिथेच बसलो होतो आणि तुकडा टेबलावरच होता. तिनं तो डोळ्यांपाशी नेला, मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं.

"हे माझं नाही."

"तुझंच आहे, ताई."

"मला शिकवतोस? माझं पान देठाकडून भरत जातं. हे आडवं भरलंय. खरं सांग, काय झालं?"

त्यानं सांगितलं. मला उठून जावंसं वाटत होतं, पण दारात ताई उभी होती.

"दोन प्रती होत्या ना?"

"एकाच डिस्कवर होत्या."

"आणि फ्लॉप्या?"

ताई स्टुलावर बसली.

"कधी पडली?"

"उन्हाळ्यात."

"आता थंडी पडलीय, गाढवा." ती ओरडली नाही, तेच वाईट. "डिस्क पडली, पडली. हातून होतं. पण तेव्हा सांगितलं असतंस तर मी पुन्हा बसले असते रे. तेव्हा मला पडद्यावरचा टाका दिसत होता. आता नाही दिसत."

दोऱ्यानं मशीनवर डोकं टेकवलं.

आता दुपारी ताई शेजारी बसते. दोरा ओळखीच्या घरांतून जुने अभ्रे, टेबलक्लॉथ मागून आणतो. ती बोटानं चाचपून सांगते, "इथून वर, मग वळव. अरे, तुझ्या उजवीकडे नव्हे, पानाच्या!" ज्यांचं कापड कुठेच सापडलं नाही, ते नमुने गेले ते गेलेच.

संध्याकाळी तो नव्यानं बसवलेल्या नमुन्याची सीडी घेऊन वर माझ्याकडे येतो. एक प्रत त्याच्या नव्या डिस्कवर, एक ताईकडच्या पेनड्राइव्हवर आणि एक सीडी माझ्या कपाटात. परवा मी म्हणालो, "आता पुरे की. तीन घरांत झालं, आता कशाला जिवाला लावून घेतोस?"

सीडी रुमालात गुंडाळत तो म्हणाला, "काका, यात तिचा हात नाही. माझा आहे, तिनं सांगितलेला."

मी कपाट उघडलं आणि त्याच्या हातातून सीडी घेतली. दुसरं काय करणार?