बिब्ब्याखालची गाठ

आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरच्या अलीकडच्या एका गावात कुणाचा गुडघा धरला, टाच चिरली, की लोक बयनाबाईच्या दारात येत. ती सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरी, तेल सुटलं की दुखऱ्या जागी काळे ठिपके देई. "माह्या हातानं कोनी मेलं का आजवर?" असं म्हणत मोठमोठ्या बाप्यांनाही हसवी.

यंदा कापूस वेचताना ओटीची गाठ खांद्यावरून ओढून बांधली, तेव्हा डाव्या छातीत तिच्या हाताला काहीतरी लागलं. सुपारीएवढं, टणक. दाबलं तरी दुखेना. दुखलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. दुखण्याशी तिची जन्माची ओळख होती. ही मुकी गाठ नवी होती.

तिनं कुणाला सांगितलं नाही. घरात कुणी नाही असं पाहून दार लोटलं आणि स्वतःच्या छातीवर बिब्बा घातला. गाठ बसेना, म्हणून पुन्हा घातला. या खेपेला तो उतला. कातडी भाजल्यासारखी सोलली, फोडांतून पाणी गळू लागलं. सून रुपानं झंपरावरचा ओला डाग पाहिला.

"काय हाय हे, आत्याबाई?"

"घामोळं."

"थंडीत? दाखवा बरं."

"सासूचं अंग पाहाची लई हौस आली का वं तुले?"

रुपानं ऐकलं नाही. फोडांच्या कडेनं फिरवलेलं तिचं बोट गाठीवर येऊन थांबलं.

दुसऱ्या दिवशी दोघी बसनं आदिलाबादला गेल्या. "सोनोग्राफी तं पोटुशी बायकाइची असते," दवाखान्यातल्या बाकावर बसून बयनाबाई कुजबुजली. "मले इथं पाहून लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन, मामंजी अजून तरणेच हायेत."

दोघी पदराआड हसल्या.

आतली डॉक्टरीण तरुण होती, तेलुगू. पदर बाजूला होताच तिचा हात थबकला.

"अम्मा, ये किसने किया?"

"मैंनेच," बयनाबाई म्हणाली.

डॉक्टरीण रागावली नाही. फोडांवर तिनं पातळ प्लास्टिक पसरलं, त्यावर गार चिकट मलम लावून मशीनचा दांडा हळू फिरवला. पडद्यावर राखाडी धुकं हललं आणि त्यात एक काळा डाग दिसला. त्याच्या कडा वेड्यावाकड्या होत्या. डॉक्टरीण तिथंच थांबली, मोजमाप घेतलं. मग दांडा बगलेत नेला आणि तिथं फार वेळ फिरवला.

तिनं रुपाला हिंदीत समजावलं. छातीतल्या गाठीचा तुकडा सुईनं काढून तपासावा लागेल, पण अशा ओल्या जखमेतून सुई घालता येत नाही. बगलेतही तीन गाठी सुजल्यात. त्या बिब्ब्यानं भाजल्यामुळं सुजल्या असतील, किंवा आतला रोग तिथवर पोचला असेल. आज मशीनला ते सांगता येत नाही. आधी कातडी भरू द्या.

परतीच्या बसमध्ये बयनाबाई खिडकीबाहेर पाहत राहिली. "मीच बिब्ब्याखाली झाकून ठेवलं वं," एवढंच ती म्हणाली.

मग वाट पाहणं सुरू झालं. रुपा मलमपट्टी करी. बयनाबाई भाकरी थापता थापता थांबे आणि पदराखालून बगल चाचपे. कधी गाठी लहान वाटत, कधी मोठ्या. दारात कुणी बिब्ब्यासाठी आलं, की ती आतूनच सांगे, "हात भरून हायेत माहे." आयुष्यात पहिल्यांदाच तिला लवकर बरं व्हायची भीती वाटत होती. खपली गळाली की सुई येणार होती.

खपली गळाली.

या वेळी डॉक्टरणीनं आधी बगलच पाहिली. रुपा पडद्याकडं बघत होती, बयनाबाई डॉक्टरणीच्या तोंडाकडं.

"दो बैठ गये, अम्मा."

रुपानं सुस्कारा सोडला. बयनाबाईनं नाही सोडला.

"और तिसरा?"

दांडा जागचा हलला नाही. "वो वैसाच है."

"मंजे ते बिब्ब्याचं नोहय," बयनाबाई मराठीतच म्हणाली.

डॉक्टरणीला शब्द कळले की नाही, कोण जाणे. तिनं हातमोजे बदलले, सुई उचलली. "इधर से भी लेंगे. हिलना नहीं."

रुपानं सासूचा हात धरायला आपला हात पुढं केला. बयनाबाईनं तो घेतला नाही. सुईला जागा व्हावी म्हणून तिनं स्वतःच आपला हात डोक्यामागं नेला आणि श्वास धरून ठेवला.