एकाच नावाच्या दोन ट्यूब

"ट्यूबची अदलाबदल केलीस तू," लॅबचे सर म्हणाले.

माझ्यासमोर दोन आकडे होते. दहा दिवसांच्या बाळाचं कॅल्शियम सहा, आईचं तेरा. दोघांचंही नऊ-दहाच्या आसपास असायला हवं. बाळाला सकाळपासून झटके येत होते. वॉर्डात कॅल्शियमचं इंजेक्शन भरून तयार होतं. आकडे खरोखर उलटे असते, तर ते इंजेक्शन बाळाच्या जिवावर बेतलं असतं.

सरांचा संशय रास्त होता. बारशापर्यंत बाळाला नाव नसतं, आणि बारसं दोन दिवसांवर होतं. त्यामुळे एका ट्यूबवर 'सुनीता', दुसरीवर 'बेबी ऑफ सुनीता'.

मी सहसा सरांना उलटून बोलत नाही. पण दोन्ही रक्तं मीच काढली होती. मी ट्यूब उजेडात धरल्या. मशीनमध्ये फिरवल्यावर रक्ताच्या वर जो पातळ भाग राहतो, तो सीरम. एका ट्यूबमध्ये तो हळदीच्या पाण्यासारखा होता, तोही जेमतेम नखभर.

"बाळाची कावीळ अजून उतरलेली नाही, सर. हीच बाळाची."

सरांनी चष्मा वर केला. "मग रक्त काढताना आईच्या दंडाला पट्टा जास्त वेळ ठेवला असशील."

"त्यानं थोडं वाढेल, सर. तेरा नाही होणार."

त्यांनी स्वतः ट्यूब उजेडात पाहिली. "बाळाचा रिपोर्ट पाठव. आईचं परत काढ. पट्ट्याशिवाय."

सुनीता पार्से गावची. शेजारी सासूबाई तिझणीचा डबा घेऊन बसल्या होत्या. तिझण म्हणजे नाचणीची गोड पेज. "दिसाक दोनदा दितंय हिका. तरी भुरग्याक कॅल्शियम कमी पडला कसां? ही मोरीत ओतता आसतली."

सुनीता खाली बघत राहिली. मी रक्त काढेपर्यंत ती दोन पेले पाणी प्यायली.

पुन्हा तेराच.

आईचं रक्त तपासायला बालरोगाच्या मॅडमनी सांगितलं होतं, तेही बाळाचा रिपोर्ट यायच्या आधी. का, ते मी धीर करून विचारलं.

"नऊ महिने बाळ होतं कुठे?" त्या म्हणाल्या. "आणि हिच्या फाइलमध्ये दोनदा मुतखडा आहे. जा, सासूला तूच समजावून सांग."

माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून. प्लॅसेंटाला मराठीत काय म्हणतात ते आठवेना. "वार," सासूबाईंनीच सांगितलं.

ही वार आईच्या रक्तातलं कॅल्शियम बाळाच्या हाडांसाठी ओढून घेते. त्याचा हुकूम हार्मोन देतात, आणि त्यातले काही बाळ आणि वार स्वतःच तयार करतात. एवढासा जीव, पण आपली मागणी आपणच पाठवतो. कॉलेजात मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. नाळ कापली की पुरवठा बंद. मग बाळाच्या मानेतल्या चार बारीक ग्रंथींनी रक्तातलं कॅल्शियम राखायचं काम हाती घ्यायचं. सुनीताच्या अशाच एका ग्रंथीत गाठ असावी, असं मॅडमचं म्हणणं होतं. त्यामुळे तिच्या रक्तात कॅल्शियम वाढलं (म्हणूनच ते मुतखडे आणि ती तहान), बाळालाही भरमसाट मिळत गेलं, आणि बाळाच्या ग्रंथी झोपूनच राहिल्या. जन्मानंतरही त्यांना जाग आली नव्हती.

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "म्हंजे हिणां ओतूक नाय."

"नाही. उलट आता काही दिवस देऊच नका."

सुनीता पहिल्यांदा हसली. "बरां झालां, आई. माका ती आवडतच नाय."

बाळाला कॅल्शियम सलाइनमधून हळूहळू दिलं. दुसऱ्या दिवशी झटके थांबले. बारसं वॉर्डातच झालं, हळू आवाजात. पुढे मोठ्या हॉस्पिटलात सुनीताची गाठ काढली. अळसांद्याच्या, म्हणजे चवळीच्या, दाण्याएवढी होती. बाळाचं औषध काही आठवड्यांत सुटलं.

आता आमच्या लॅबमध्ये बाळाच्या ट्यूबला लाल दोरा बांधतात. सर म्हणतात, कल्पना त्यांची. असेल. मी मात्र आकडा विचित्र आला की आधी ट्यूब उजेडात धरते. स्वतःला दोष द्यायला नंतर वेळ असतोच.